चिंचेनं घासलेला ट्रॉम्बोन

मित्रांनो, पितळ म्हटलं की तुम्हाला समई आठवत असेल, तांब्या आठवत असेल, पूजेची घंटा आठवत असेल. मी त्यांच्याच गोतावळ्यातला. फक्त माझ्यापुढे कुणी हात जोडत नाही. मला पाहून लोक विचारतात, "हा कुठला नळ उचकटून आणलात?"

मी एक जुना ट्रॉम्बोन आहे. माझ्या एका टोकाला ओठांशी धरायचा छोटा पितळी पेला असतो, त्याला माउथपीस म्हणतात. दुसऱ्या टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखं उमललेलं तोंड. आणि मधे पुढेमागे सरकणारी एक लांब नळी, ती माझी स्लाइड. मला ना पडदे, ना बटणं. स्लाइड जवळ घेतली की सूर चढतो, दूर ढकलली की उतरतो. तिच्या सात जागा आहेत. सातवी जागा इतकी लांब आहे की तिथे मोठ्या माणसाचाच हात पोचतो. ही सातवी जागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिवाय मला एक बारीकशी कडी आहे. प्रवासात स्लाइड घसरून पडू नये म्हणून ती लावतात. माझं निम्मं आयुष्य त्या कडीमागे गेलं.

माझा जन्म लंडनच्या एका कारखान्यातला. ठोकून ठोकून मला आकार दिला, आणि चकचकीत होऊन मी दुकानाच्या काचेत उभा राहिलो. तिथून मला सिरिल लँगफर्ड नावाच्या तरुणानं उचललं. तो काळ स्विंग संगीताचा. म्हणजे काय, तर मोठा वाद्यवृंद, सॅक्सोफोनची एक रांग, ट्रम्पेटची एक, आमची ट्रॉम्बोनची एक, मागे ड्रम, आणि समोर लाकडी जमिनीवर शेकडो माणसं जोडीजोडीनं नाचतायत. सिरिलनी स्वतःचा वाद्यवृंद काढला, 'सिरिल लँगफर्ड आणि मेट्रोलाइट्स'. वाद्यवृंदाला इशारे करायला बाकीचे घेतात तशी काठी ते हातात घेत नसत. डाव्या हातात मला धरायचे आणि उजव्या हातानं माझी स्लाइड पुढे सारली की ट्रम्पेटवाले उभे राहायचे, मागे घेतली की खाली बसायचे. माझ्या एका इशाऱ्यावर अख्खी रांग उठत-बसत होती. मी किती मिरवत असेन, विचार करा!

एका पावसाळी संध्याकाळी नाचघराच्या दारात एक मुलगी छत्री मिटवत उभी होती. छत्री काही मिटेना. तिच्या मागे भिजलेल्या लोकांची रांग तुंबली. स्टेजवरून सिरिलनी ते पाहिलं, आणि चालू गाणं सोडून मला वरच्या सुरावरून सातव्या जागेपर्यंत अलगद उतरवलं. तुमच्या गाण्यात ज्याला मींड म्हणतात ना, तशी एक लांबलचक मींड. जणू छत्रीच मिटतेय. सगळे हसले, मुलगीही हसली, आणि छत्री एकदाची मिटली. ती मुलगी म्हणजे मिली. पुढे तिच्याशी त्यांनी लग्न केलं, आणि त्या मींडेवर संपणारी एक धून बांधली. तिचं नाव 'मिलीची छत्री'.

ती धून रेडिओवर लागली आणि घराघरांत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आम्ही लष्कराच्या छावण्यांत, ट्रकच्या फळीवर उभं राहून ती वाजवली. घरापासून लांब आलेली पोरं शेवटच्या मींडेला डोळे मिटायची. फार चांगले दिवस होते ते. पण त्यातच एक गंमत झाली, आणि ती पुढे गंमत राहिली नाही. सिरिलनी कितीही नवी गाणी बसवली, तरी दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला मागून आवाज यायचाच, "छत्री! छत्री वाजवा!"

एकदा ते ड्रमवाल्या टेडला म्हणाले, "पाऊस कधीच थांबलाय, टेड. पण लोक मला या छत्रीखालून बाहेरच येऊ देत नाहीत."

टेड म्हणाला, "आहे ना छत्री? मग कुरकुरू नकोस. बाकीचे भिजतायत."

मग काळ पालटला. गिटार आली. नाचघरं बंद पडायला लागली. आमच्या आवडत्या नाचघराचा शेवटचा कार्यक्रम मला आठवतो. समोर मोजकीच जोडपी. दारात काही पोरं उभी राहून ओरडली, "आजोबा, घरी जा आता!" सिरिल तेव्हा जेमतेम चाळिशीचे. त्यांनी 'छत्री' सुरू केली. शेवटची मींड घेतली, चौथ्या जागेपर्यंत आले, आणि थांबले. स्लाइड परत जवळ घेतली. कडी लावली. छत्री अर्धी उघडीच राहिली. मिली दाराशी त्यांचा कोट हातात घेऊन उभी होती. तिनं तो त्यांच्या खांद्यांवर घातला.

त्यानंतर मी पेटीत, आणि पेटी लंडनच्या पिनर उपनगरातल्या त्यांच्या घरात जिन्याखाली. एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला गॅसचा मीटर. मीटर बघणारा माणूस यायचा तेव्हा फटीतून थोडा उजेड आत यायचा, तेवढाच. अंधाराची सवय होते म्हणतात. मला नाही झाली. माझं तोंड एवढं मोठं, पण स्वतःहून एक शब्द काढता येत नाही. कुणाचा तरी श्वास लागतो. जिन्यावरून पावलं जायची-यायची, त्यांचा ठेका मोजत मी पडून राहायचो.

कधी कधी मिलीचा आवाज यायचा, "सिरिल, एकदा तरी मिटव रे ती छत्री."

"उद्या," ते म्हणायचे.

अशी कित्येक वर्षं गेली. मग मिलीचा आवाज यायचा थांबला. आणि त्या दिवसापासून 'उद्या'ही ऐकू आलं नाही.

मित्रांनो, आता इथून माझी मराठी सुरू होते. पिनरमधली घरं जोडजोडीनं बांधलेली असतात, दोन घरांत एकच भिंत. शेजारच्या अर्ध्या घरात मूळचं पुण्याचं एक कुटुंब राहायला आलं. अवधूत, त्याची बायको ऋजुता आणि त्यांची मुलगी तनू. पहिल्याच दिवशी भिंतीतून हिंगाच्या फोडणीचा वास जिन्याखाली आला. पन्नास वर्षांत माझ्याकडे आलेली ती पहिली नवी गोष्ट.

ऋजुताला एकट्या म्हाताऱ्या शेजाऱ्याची काळजी वाटायची. ती तनूच्या हाती झाकणाची एक स्टीलची वाटी पाठवायची. कधी खीर, कधी वरणभात. सिरिल वाटी लख्ख धुऊन परत द्यायचे. एके दिवशी तनू दारातच अडून उभी राहिली. ती इथेच जन्मलेली, त्यामुळे जरा सडेतोड.

"मिस्टर लँगफर्ड, आमच्यात वाटी रिकामी परत देत नाहीत."

"असं? मग काय घालतात?"

"काहीही. साखर घातली तरी चालते. पण रिकामी नाही. इट्स रूड."

सिरिल ओशाळले. तेव्हापासून वाटीतून कधी परसातलं सफरचंद जायचं, कधी बिस्किटं, कधी मिलीनं लावलेल्या गुलाबाचं फूल. एकदा ते बरेच दिवस आजारी होते. घरात काही उरलं नव्हतं. दाराची घंटा वाजली, तनूनं खिरीची वाटी दिली आणि तिथेच उभी राहिली, रिकामी करून घ्यायला. मला स्वयंपाकघरातली कपाटं उघडल्याचे आवाज आले. मग जिन्याखालचं दार उघडलं. पेटीची कुलपं खटखट उघडली. पन्नास वर्षांनी माझ्यावर पुरता उजेड पडला, आणि सिरिलचा सुरकुतलेला चेहरा दिसला. त्यांनी माझं माउथपीस काढलं आणि वाटीत ठेवलं.

"हे काय आहे?" तनूनं विचारलं.

"ओठ मिटून यात माशीसारखं गुणगुण. जमलं की ये. याचं उरलेलं अंग माझ्याकडे आहे."

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून असले फर्र फुर्र आवाज आले की सांगता सोय नाही. अवधूत ओरडायचा, "तनू, अगं मी कॉलवर आहे! ऑफिसमध्ये वाटतंय घरात रिक्षा आहे!"

जमलं तशी ती आली. त्याआधी सिरिलनी मला टबात कोमट पाण्यानं अंघोळ घातली. जुन्या दौऱ्यांत दर सोमवारी घालायचे, तशीच. आणि मग शनिवारच्या सकाळी माझ्यावर तनूची शिकवणी सुरू झाली. स्वतः मात्र ते मला ओठ लावत नसत. तनूचा हात सहाव्या जागेपर्यंत पोचायचा, सातवी काही गाठायची नाही. हट्टानं ती कंबरेतून वाकायची, तोल जायचा.

"वाढशील," ते म्हणायचे. "छत्रीचा शेवट मग शिकवीन. उद्या."

जिन्याखाली वर्षानुवर्षं ऐकलेला तोच शब्द.

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात मी तनूच्या घरी सरावासाठी होतो, तेव्हा भिंतीपलीकडे काहीतरी धप्पकन पडलं. सिरिलना पक्षाघात झाला होता. डावा हात गेला, चेहऱ्याची डावी बाजू उतरली, वाचा अडखळली. त्यांना वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवलं. मग दिवाळीच्या तोंडावर कळलं की स्कॉटलंडहून त्यांचा पुतण्या कीथ येणार आणि शनिवारी त्यांना आपल्या गावाकडच्या गृहात घेऊन जाणार. कायमचं.

"आई, शनिवारी ते जाण्याच्या आधी मी त्यांना छत्री ऐकवणार," तनूनं जाहीर केलं.

"सातवी जागा?" ऋजुतानं विचारलं.

"जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत."

त्या वर्षी अवधूतची आई, शैलाआजी, सहा महिन्यांसाठी नाशिकहून आल्या होत्या. मुलगा-सून ऑफिसात, नात शाळेत. दारं बंद, थंडीनं खिडक्या बंद, आणि रस्त्यावर ओळखीचं चिटपाखरू नाही. दिवसभर घरात त्या आणि मी. दोघंही पेटीत असल्यासारखे. दिवाळी आली म्हणून त्यांनी देवघरातली पितळेची भांडी काढली, चिंचेचा कोळ केला, त्यात रांगोळीची पूड घातली आणि समई, निरांजन, घंटा सगळं सोन्यासारखं करून टाकलं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अगंबाई, हा केवढा काळवंडलाय! कुणी हात नाही का रे लावत तुला?"

मला मांडीवर घेऊन त्यांनी चिंच चोळायला सुरुवात केली. घासता घासता मनातलं बोलत होत्या. "इथं सगळं आहे बघ. फक्त बोलायला कुणी नाही. तू तरी ऐक." मला बाहेरून घासलं, तिथवर ठीक होतं. पण त्यांनी माझी स्लाइड काढली, आतल्या नळ्यासुद्धा चिंच-रांगोळीनं खसाखसा घासल्या, वरवर विसळल्या आणि ओल्याच परत बसवल्या. मित्रांनो, त्या दोन नळ्यांमध्ये केसाएवढी फट असते. तिथे रांगोळीचे कण जाऊन बसले. मी ओरडू पाहिलं, पण कुणाच्या श्वासाशिवाय मला कुठला आवाज?

शाळेतून येऊन तनूनं मला उचललं. स्लाइड हलेना. कडी काढली, तरी हलेना.

"आई गं! इट्स स्टक!"

ऋजुतानं पाहिलं. अवधूत लवकर घरी आला, त्यानं पाहिलं. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ऋजुता, अशी रस्सीखेच सुरू झाली. माझ्या सांध्यांतून कळ गेली.

"सोड, सोड, वाकेल ते!" ऋजुता म्हणाली.

"दुरुस्तीवाल्याला फोन केला होता," अवधूत घाम पुसत म्हणाला. "तीन वीक्सचं वेटिंग आहे."

तनू वळली. तिचे डोळे भरले होते. "आजी, कुणी सांगितलं होतं तुला? हा तुझा तांब्या नाहीये! आता मिस्टर लँगफर्ड छत्री कधीच नाही ऐकणार!"

शैलाआजींनी हात पदराला पुसले. त्यांच्या बोटांना अजून चिंचेचा वास होता. त्या बंद खिडकीपाशी जाऊन बसल्या, आणि मी आतल्या आत एकच शब्द घोकत होतो. कोमट पाणी. कोमट पाणी. मला ठाऊक होतं, दर सोमवारचं मला पाठ होतं. पण अडकलेल्या नळीतून शब्द कसा निघणार? जिन्याखालच्या पन्नास वर्षांपेक्षा ती संध्याकाळ मला जड गेली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, शैलाआजी सकाळीच नेसून तयार.

"ज्यांची वस्तू त्यांना सांगायला नको? चला. मी सांगते."

"आई, तुम्ही कशाला? मी बोलते ना त्यांच्याशी," ऋजुता म्हणाली.

"तू बिघडवलंस का? मग?"

शाळेला सुट्टी होती. ऋजुतानं ऑफिसातून अर्धा दिवस घेतला. मला पेटीसकट गाडीत घातलं. शुश्रूषागृहात सिरिल खिडकीशी चाकांच्या खुर्चीत होते. खिडकीबाहेर एक भिंत. शैलाआजींनी पदर सावरला, हात जोडले आणि मराठीत म्हणाल्या, "मी बिघडवलं हो. चांगलं करायला गेले. माफ करा."

तनूनं इंग्रजीत सांगितलं. चिंचेपाशी ती अडली. "सोअर फ्रूट," ती म्हणाली. "आणि... सॅंड."

सिरिलनी माझ्याकडे पाहिलं. मग चेहऱ्याच्या उजव्या अर्ध्या भागानं ते हसायला लागले. इतके हसले की खुर्ची करकरली. "टेड असता तर," ते अडखळत म्हणाले, "मेला असता हसून." आणि मग एकेक शब्द शोधून, "अंघोळ. कोमट. बाळाला घालतात तशी."

तनूनं सांगितलं तसा आजींचा चेहराच उजळला. "एवढंच? अहो, मग हे माझ्या हातचं काम आहे!"

त्या दुपारी टबात पाणी सोडलं. आजींनी कोपर बुडवून पाहिलं. "कढत झालं. थोडं गार सोड, तनू." मग मला दोन्ही हातांवर आडवा धरून हळूच पाण्यात उतरवलं. मानेखाली एक हात तसाच ठेवला, माझी मान कुठे असते हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. जुन्या सुती साडीचा बोळा करून त्या पाणी ओघळवत राहिल्या. ओढाताण नाही, घाई नाही. तनू टबाच्या काठावर बसली होती.

"आजी, सॉरी. मी ओरडली."

"ओरडलीस ते बरं झालं. महिनाभरात माझ्याशी कुणी एवढं मोठ्यानं बोललं नव्हतं."

तनू खुदकन हसली. आणि तेवढ्यात माझ्यातून एक बुडबुडा निघाला. मागोमाग पांढरी रांगोळी, थोडी, मग आणखी थोडी. आजींनी दोन बोटांनी स्लाइड ढकलली. ती सरकली.

शनिवारी सकाळी कीथची गाडी शुश्रूषागृहाच्या दारात उभी होती. सामान भरून झालं होतं. परिचारिका म्हणाली, "पाचच मिनिटं हं." तनू सिरिलच्या समोर उभी राहिली, अगदी त्यांच्या गुडघ्यांपाशी. शैलाआजींच्या हातात ती स्टीलची वाटी होती. तिच्यातली खीर त्यांनी आताच सिरिलना भरवली होती.

तनूनं 'छत्री' सुरू केली. काही सूर हलले, काही निसटले. आतल्या नळ्यांना ओरखडे पडले होते, त्यामुळे मी मधेच खर्र करत होतो. सिरिलची मान ठेका धरून हलत होती. शेवट आला. वरचा सूर. तनूनं स्लाइड पुढे सोडायला घेतली, दुसरी, तिसरी. चौथी. सिरिलचा श्वास अडकला, मला तो ऐकू आला. पाचवी. सहावी. तनूचा हात संपला. ती वाकली, पण पुढे काही नव्हतं.

तेव्हा सिरिलचा उजवा हात उठला. त्यांनी माझ्या स्लाइडचं पुढचं टोक धरलं. मित्रांनो, मींड वाजवणाऱ्यासाठी सातवी जागा सगळ्यांत दूर असते. पण समोर बसलेल्यासाठी तीच सगळ्यांत जवळ. तनूनं स्लाइड सोडली आणि फक्त फुंकत राहिली. त्यांनी ती आपल्याकडे ओढून घेतली, अलगद, छातीपाशी. श्वास तिचा, हात त्यांचा, आणि मी मधे. छत्री मिटली.

बराच वेळ त्यांनी माझं टोक सोडलं नाही.

मग त्यांचं लक्ष वाटीकडे गेलं. ते चुळबुळले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. टेबल रिकामं, खण रिकामे, सगळं गाडीत गेलेलं. "रिकामी," ते कसंबसं म्हणाले.

शैलाआजींनी वाटीवर झाकण ठेवलं, नीट दाबून बसवलं, आणि भरलेली वाटी नेतात तशी दोन्ही हातांत धरून त्या बाहेर पडल्या.

मी आता तनूकडे असतो. या वर्षी तिचा हात सातव्या जागेला पोचला. पोचला त्या दिवशी तिनं नाशिकला फोन लावला आणि आजींना ऐकवलं. आजींनी आधी विचारलं, "अंघोळ घातलीस का त्याला?" माझी खरखर काही गेली नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, नळ्या बदलू या. तनू नको म्हणते, मीही मनातल्या मनात नकोच म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या घरात माळ्यावर, पलंगाखाली, जिन्याखाली एखादी पेटी असेल. आत बाजाची पेटी असेल, सतार असेल, बाबांची बासरी असेल. ती तुम्हाला हाक मारू शकत नाही. तुम्ही जा, उघडा, आणि ती कुणाची होती ते विचारा. तो माणूस अजून असेल तर त्याच्यासमोर नेऊन ठेवा. चिंच तेवढी लावू नका. आणि काम झालं की कडी लावायची असते, ती जरूर लावा. फक्त ती उद्या काढू असं म्हणू नका.